विश्लेषण : टाळ्या, शांतता की नाराजी? प्रायोगिक नाटकाचा प्रतिसाद नेमका कसा वाचायचा?

व्यावसायिक नाटकाचे यश तिकीटबारीवर लागलेल्या ‘हाउसफुल्ल’च्या पाटीवरून कळते. प्रायोगिक नाटकाच्या वाट्याला ही पाटी क्वचितच येते. प्रयोग संपल्यावर काही क्षण कुणी जागचे हलत नाही, कुणी मध्येच उठून गेलेले असते, कुणी ‘काही कळले नाही, पण डोक्यातून जातही नाही’ असे म्हणत बाहेर पडते. यातली खरी प्रतिक्रिया कोणती, आणि ती कुणाची? बदलापूरच्या पुढचे वांगणी हे अनेक दृष्टिहीन कुटुंबांचे गाव आहे. तिथून पाहिले तर ‘प्रेक्षक’ या शब्दाचाच पुन्हा विचार करावा लागतो.

प्रायोगिक नाटक आणि ‘फ्रिंज’ म्हणजे काय?

१९४७ मध्ये स्कॉटलंडमधील एडिंबरा शहरात पहिला आंतरराष्ट्रीय कला महोत्सव भरला. त्यात आमंत्रण नसलेल्या आठ नाटक मंडळ्या आपणहून तिथे गेल्या आणि मिळेल त्या जागेत त्यांनी प्रयोग केले. मुख्य महोत्सवाच्या काठावर उभी राहिलेली ही रंगभूमी पुढे ‘फ्रिंज’ या नावाने ओळखली जाऊ लागली. फ्रिंज म्हणजे काठ, किनार.

मराठीत असे नाटक ‘प्रायोगिक’ किंवा ‘समांतर’ म्हणून ओळखले जाते. १९६० मध्ये विजया मेहता, विजय तेंडुलकर, अरविंद देशपांडे, श्रीराम लागू आदींच्या पुढाकाराने ‘रंगायन’ सुरू झाली. १९७१ मध्ये अरविंद आणि सुलभा देशपांडे, अरुण काकडे यांनी ‘आविष्कार’ उभी केली. १९७४ पासून दादरच्या छबिलदास शाळेचे सभागृह या नाटकांचे घर झाले. मोठा रंगमंच नाही, भव्य नेपथ्य नाही आणि प्रेक्षक नटांपासून हाताच्या अंतरावर, असे हे नाटक होते. इतक्या जवळ बसलेल्या माणसाची जांभईही नटाला दिसते आणि रोखलेला श्वासही कळतो. त्यामुळे प्रेक्षकाची प्रतिक्रिया इथे प्रयोग सुरू असतानाच, प्रयोगाचा एक भाग म्हणून घडत असते.

प्रतिसादाची मोजदाद पूर्वी कशी होत असे?

भरतमुनींच्या नाट्यशास्त्रातील सत्ताविसावा अध्याय प्रयोगाच्या यशापयशाला वाहिलेला आहे. यशाला तिथे ‘सिद्धी’ म्हटले आहे आणि तिचे मानुषी व दैवी असे दोन प्रकार सांगितले आहेत. मानुषी सिद्धी प्रेक्षकांच्या आवाजावरून आणि शरीरावरून ओळखायची. मंद स्मित, मोठे हसू, ‘साधु’ किंवा ‘अहो’ असे उद्गार, करुण प्रसंगी निघणारा ‘कष्टम्’, अंगावरचे रोमांच, आसनावरून उठून उभे राहणे, इतकेच नव्हे तर अंगावरचे वस्त्र नटाच्या दिशेने टाकणे, या सगळ्याची नोंद ग्रंथकाराने केली आहे.

दैवी सिद्धीची खूण मात्र वेगळी आहे. सभागृह भरलेले आहे, तरी आवाज नाही, चुळबुळ नाही, गोंधळ नाही. म्हणजे टाळ्या आणि वाहवा ही यशाची एक पायरी झाली, आणि भरल्या सभागृहातली शांतता ही तिच्या वरची. प्रत्येक प्रेक्षक सारख्या कुवतीचा नसतो, वय आणि स्वभावाप्रमाणे प्रत्येकाला वेगळे काही भावते, हेही त्याच अध्यायात मान्य केले आहे. ‘लोकांना आवडले का?’ या प्रश्नाला एकच उत्तर नसते, याची जाण इतकी जुनी आहे.

नाराजी हीसुद्धा प्रतिक्रियाच का?

मराठी रंगभूमीचा इतिहास याचे उत्तर ‘होय’ असे देतो. तेंडुलकरांचे ‘गिधाडे’ १९७० मध्ये रंगमंचावर आले. त्यातील पात्राच्या साडीवर दिसणाऱ्या लाल डागाला परिनिरीक्षण मंडळाने हरकत घेतली. तेव्हा तो डाग निळा करण्यात आला आणि त्यामागचे कारण प्रेक्षकांना सांगण्यात आले. परिणामी निळा डाग पाहणारा प्रत्येक जण मनात लालच रंग पाहू लागला. हरकतीने प्रेक्षकाचे लक्ष त्या डागावरून हटले नाही, उलट तिथेच खिळले.

१९७२ मधील ‘सखाराम बाईंडर’चा वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि निकाल नाटकाच्या बाजूने लागला. त्याच वर्षी १६ डिसेंबरला पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात ‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग झाला. नाना फडणवीसांच्या चित्रणावरून वादळ उठले आणि १९ प्रयोगांनंतर प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने नाटक थांबवले. त्यातील रंगकर्मींनी ‘थिएटर अकॅडमी’ स्थापन करून जानेवारी १९७४ मध्ये ते पुन्हा उभे केले. पुढे हे नाटक युरोपातही गेले.

अर्थात चिडवणारे प्रत्येक नाटक थोर असते, असा याचा अर्थ नाही. वाईट नाटकावरही लोक चिडतात. फरक ओळखण्याची एक साधी कसोटी आहे. घरी गेल्यावर प्रेक्षक कशाबद्दल भांडतो, वाया गेलेल्या पैशांबद्दल की नाटकाने काढलेल्या विषयाबद्दल? दुसरे भांडण सुरू झाले असेल, तर नाटक पोहोचले आहे.

‘हे आपल्या लोकांना कळणार नाही’, यात तथ्य किती?

प्रायोगिक नाटक शहराबाहेर नेण्याचा विषय निघाला की हा आक्षेप हमखास येतो. त्यावरचा सर्वात बोलका दाखला सॅम्युएल बेकेट यांच्या ‘वेटिंग फॉर गोदो’चा आहे. ना ठोस कथानक, ना शेवट. दोन माणसे कुणाची तरी वाट पाहतात आणि तो येत नाही. जानेवारी १९५६ मध्ये अमेरिकेतील मायामी येथे हे नाटक विनोदी म्हणून जाहिरात करून लावले गेले. करमणुकीच्या अपेक्षेने आलेल्या सुखवस्तू प्रेक्षकांपैकी अनेक जण मध्येच उठून गेले.

पुढच्याच वर्षी, १९ नोव्हेंबर १९५७ रोजी, सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘अ‍ॅक्टर्स वर्कशॉप’ने तेच नाटक सॅन क्वेंटिन तुरुंगात सुमारे १,४०० कैद्यांसमोर केले. नाटकात स्त्रीपात्र नाही, हे ते निवडण्यामागचे एक कारण होते. कैद्यांनी ते मन लावून पाहिले आणि तुरुंगातल्या वार्तापत्रात त्यावर लिहिलेही. वाट पाहणे म्हणजे काय, हे त्यांना समजावून सांगण्याची गरज नव्हती.

या प्रयोगाशी जोडलेली आणखी एक गोष्ट आहे. रिक क्लूची या जन्मठेपेच्या कैद्याला त्या रात्री कोठडीबाहेर येण्याची परवानगी नव्हती. त्याने नाटक पाहिले नाही, तुरुंगाच्या ध्वनिक्षेपकावरून नुसते ऐकले. पुढे त्याने तुरुंगातच नाट्यसंस्था उभारण्यात पुढाकार घेतला आणि सुटकेनंतर खुद्द बेकेट यांच्यासोबत काम केले. नाटक न पाहिलेल्या प्रेक्षकाची ही प्रतिक्रिया होती.

महाराष्ट्रातही याच धर्तीचे काम झाले आहे. ज्येष्ठ नाटककार रत्नाकर मतकरी यांनी ठाण्यात ‘वंचितांचा रंगमंच’ ही चळवळ सुरू केली आणि वस्त्यांमधील मुलांनी स्वतःच्या जगण्यातून नाटिका उभ्या केल्या. इथे रंगमंचावरचे आणि समोर बसलेले एकाच वस्तीतले असतात. त्यामुळे ‘कळेल का?’ हा प्रश्न मागे पडतो आणि ‘खरे सांगितले का?’ हा प्रश्न पुढे येतो.

यात वांगणीचा संदर्भ काय?

अंबरनाथ तालुक्यातील वांगणी हे मध्य रेल्वेच्या कर्जत मार्गावरील स्थानक. मुंबई-ठाण्याच्या तुलनेत परवडणारे भाडे आणि दाराशी लोकल, यामुळे गेल्या काही वर्षांत अनेक दृष्टिहीन कुटुंबे इथे स्थायिक झाली. त्यांच्यापैकी कित्येकांची उपजीविका लोकलच्या डब्यात छोट्या वस्तू विकण्यावर किंवा गाण्यावर चालते. २०२० मध्ये टाळेबंदीत सामान्य प्रवाशांसाठी लोकल बंद झाली, तेव्हा या घरांची कमाईही थांबली.

१७ एप्रिल २०२१ रोजी वांगणी स्थानक देशभर चर्चेत आले. दृष्टिहीन आईसोबत चालणारे मूल फलाटावरून रुळांवर पडले आणि पॉइंट्समन मयूर शेळके यांनी समोरून येणाऱ्या गाडीपुढे धावत जाऊन त्याला वर काढले. ती चित्रफीत देशाने पाहिली. त्या आईने मात्र तो सगळा प्रसंग फक्त आवाजांतून अनुभवला होता.

नाटकाच्या दृष्टीने वांगणी दोन अर्थांनी काठावर आहे. एक अंतराचा. प्रायोगिक नाटकांचे बरेचसे प्रयोग दादर, माहीम, जुहू, नरिमन पॉइंट या भागांत होतात. वांगणीहून दादरला लोकलने सव्वा ते दीड तास लागतो. शिवाय अनेक गाड्या कल्याण, अंबरनाथ किंवा बदलापूरलाच संपतात. पुढे जाणाऱ्या गाड्या कमी. प्रयोगानंतर दिग्दर्शकाशी होणारी चर्चा हा प्रायोगिक नाटकाचा महत्त्वाचा भाग. पण ती सुरू होते तेव्हा वांगणीकराचे लक्ष घड्याळाकडे असते. परिणामी ज्या प्रतिक्रिया नोंदल्या जातात, त्या जवळ राहणाऱ्यांच्या असतात.

दुसरा काठ शब्दातच आहे. ‘प्रेक्षक’ हा शब्द ‘ईक्ष्’ म्हणजे पाहणे या धातूपासून आला आहे. जो पाहत नाही, त्याला या शब्दात जागा नाही.

न पाहता नाटक ‘बघता’ येते का?

मराठी माणसाला याचे उत्तर ठाऊक आहे. आकाशवाणीवरच्या श्रुतिका आणि नभोनाट्ये कित्येक घरांनी डोळे मिटून ‘पाहिली’ आहेत. अलीकडे लोकप्रिय झालेले अभिवाचनही असेच, संहिता हातात घेऊन निव्वळ आवाजावर उभे राहते. पण रंगमंचावरचे नाटक ध्वनीपेक्षा अधिक काही असते आणि प्रायोगिक नाटकात तर शब्दांना मुद्दाम कात्री लावलेली असते. मूकाभिनय, प्रकाशाचे बदल, देहबोली, दीर्घ स्तब्धता ही त्याची आवडती साधने. डोळस प्रेक्षकाला जी स्तब्धता अर्थपूर्ण वाटते, ती दृष्टिहीन प्रेक्षकाला काहीतरी बिघडल्यासारखी वाटू शकते. सारे सभागृह हसते आणि एकाला का ते कळत नाही, हा अनुभव कंटाळ्यापेक्षा वाईट असतो.

याची दुसरी बाजूही आहे. छोट्या जागेत नटाच्या पावलांचा आवाज, तो कोणत्या दिशेला वळला, बोलताना त्याचा श्वास कुठे अडखळला, हे कानांना स्पष्ट कळते. नट संवाद नुसता ‘म्हणतो’ आहे की त्यामागे काही घडते आहे, हे चेहरा झाकता येतो तसे आवाजात लपवता येत नाही. देखण्या प्रकाशयोजनेने उसना आणलेला परिणाम या प्रेक्षकासमोर चालत नाही. दिवसभर धावत्या लोकलमध्ये आवाजावरून स्थानक, गर्दी आणि गिऱ्हाईक ओळखणाऱ्या माणसाची ऐकण्याची तयारी मोठी असते. त्याची प्रतिक्रिया नाटकाच्या अशा बाजूवर बोट ठेवू शकते, जिच्याकडे डोळस समीक्षकाचे लक्षही जाणार नाही.

दाद आणि दया यांतला फरक कसा ओळखायचा?

दृष्टिहीन माणसे रंगमंचावर येतात तेव्हा हा प्रश्न आणखी टोकदार होतो. दिग्दर्शक स्वागत थोरात यांनी दृष्टिहीन कलाकारांना घेऊन कालिदासाच्या ‘मेघदूता’वर आधारित ‘अपूर्व मेघदूत’ हे नाटक बसवले. थोरात यांनीच २००८ मध्ये ‘स्पर्शज्ञान’ हे मराठी ब्रेल पाक्षिक सुरू केले होते. मेघ, पर्वत, नद्या, नगरे यांच्या वर्णनांनी भरलेले काव्य, आणि ते साकारणारे कलाकार न पाहणारे, ही कल्पनाच धाडसाची. रंगमंचावर वळण घेणे, समूहाने नृत्य करणे, दुसऱ्याला धक्का न लागता जागा बदलणे यासाठी अंतर, ताल आणि सहकलाकाराचा आवाज यांचा काटेकोर हिशेब लागतो.

अशा नाटकाला उभे राहून टाळ्या मिळतात. पण त्या कशासाठी? ‘दिसत नसूनही किती छान केले’ या वाक्यात कौतुक आहे आणि सवलतही. सवलतीतून आलेली टाळी कलाकाराला पुढे नेत नाही, कारण तिच्यातून काय जमले आणि काय चुकले हे कळत नाही. दाद देणारा प्रेक्षक विरहाचा प्रसंग लांबला, अमुक गाणे जमून आले, असे काही नेमके सांगतो. दया दाखवणारा प्रत्येक वेळी सारखेच बोलतो. कलाकाराला खऱ्या अर्थाने समान मानायचे, तर त्याच्या नाटकावर टीका करण्याची तयारीही प्रेक्षकाने ठेवायला हवी.

हीच गोष्ट समोर बसणाऱ्यांबाबत खरी आहे. दृष्टिहीनांसाठी प्रयोग केला की आयोजकांना आभार ऐकायची सवय असते. ‘नाटक कंटाळवाणे होते’ असे त्यांच्यापैकी कुणी मोकळेपणाने सांगू शकेल, त्या दिवशी ते पाहुणे न राहता प्रेक्षक झाले असे म्हणता येईल.

जगात यावर कोणते उपाय झाले?

१९८१ मध्ये वॉशिंग्टनच्या ‘अरीना स्टेज’ या नाट्यगृहात दृष्टिहीन प्रेक्षकांसाठी ध्वनिवर्णनाची सोय सुरू झाली. संवादांच्या मधल्या जागेत एक निवेदक कानातल्या यंत्रातून हालचाल, वेशभूषा, प्रवेश-निर्गमन थोडक्यात सांगतो. मार्गारेट आणि कोडी फान्स्टील या दाम्पत्याचा त्यात पुढाकार होता. मार्गारेट यांना स्वतःला दिसत नव्हते. आता अनेक देशांत प्रयोगापूर्वी ‘स्पर्शफेरी’ही होते. प्रेक्षक रंगमंचावर येऊन नेपथ्य आणि कपडे हातांनी पाहतात, नट आपापल्या आवाजात ओळख करून देतात.

अर्जेंटिनात याच्या उलट टोकाचा प्रयोग झाला. ब्युनोस आयर्समधील ‘तेआत्रो सिएगो’ ही संस्था पूर्ण काळोखात नाटक करते. कलावंतांत दृष्टिहीन आणि डोळस दोघेही असतात, आणि समोर बसलेल्या कुणालाच काही दिसत नाही. आवाज, वास, स्पर्श यांतून नाटक उलगडते. इथे सवलत कुणालाच नसते. सगळे एका रेषेवर येतात.

भारतात दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील कलम २९ संस्कृती आणि मनोरंजनातील सहभागाविषयी आहे. त्यात कला दिव्यांगांसाठी सुलभ करण्याच्या उपायांचा समावेश होतो. चित्रपटगृहांतील सिनेमासाठी केंद्राने मार्च २०२४ मध्ये ध्वनिवर्णन आणि उपशीर्षकांबाबत मार्गदर्शक सूचनाही काढल्या. नाटकाला मात्र सिनेमासारखे एकदा ध्वनिमुद्रण करून भागत नाही. प्रत्येक प्रयोगाची लय वेगळी असते, त्यामुळे वर्णन करणारा माणूस प्रत्येक वेळी हजर असावा लागतो.

छोट्या संस्थेला हे परवडेल का?

यंत्रणा महाग असू शकते, पण सुरुवात यंत्रणेशिवायही होते. पडदा उघडण्याआधी पाच मिनिटे रंगमंचाचे वर्णन करता येते. प्रत्येक नट एका वाक्यात आपल्या पात्राची ओळख देऊ शकतो. मूक प्रसंगासाठी संहितेतच एखादा ध्वनी पेरता येतो. प्रयोग दुपारी ठेवला, तर परतीच्या गाडीची चिंता मिटते. छबिलदासने दाखवून दिल्याप्रमाणे शाळेचे सभागृहही नाटकाला पुरते, मग ते दादरचे असो वा वांगणीचे.

प्रतिक्रिया घेण्याची पद्धत बदलणेही महत्त्वाचे. छापील अभिप्राय-पत्रक दृष्टिहीन प्रेक्षकाच्या उपयोगाचे नाही. मोबाइलवर बोलून पाठवलेला अभिप्राय मात्र सहज मिळू शकतो. ‘आवडले का?’ हा प्रश्न टाळावा, कारण त्याचे उत्तर शिष्टाचारानेच येते. ‘कुठे धागा सुटला?’, ‘कोणता आवाज लक्षात राहिला?’, ‘कुठल्या पात्राचे पटले नाही?’ हे प्रश्न नाटककाराच्या कामाचे आहेत. आणि शक्य असेल तर तेच प्रश्न आठवडाभराने पुन्हा विचारावेत. प्रयोगाच्या रात्रीची टाळी विरून जाते; आठ दिवसांनी जे आठवते, ते नाटकाने खरोखर मागे ठेवलेले असते.

मग खरी प्रतिक्रिया कोणती?

टाळी, शांतता, नाराजी, उठून जाणे, यातली कोणतीही एकटी पुरेशी नाही. टाळी सौजन्याची असू शकते, शांतता पेंगुळलेली असू शकते आणि उठून जाणाऱ्याला कदाचित फक्त शेवटची गाडी गाठायची असते. प्रतिक्रियेचा अर्थ लावण्यासाठी ती कुणाची आहे, त्याला नाटक किती पोहोचू शकले आणि मनातले बोलण्याची मोकळीक होती का, हे आधी पाहावे लागते. मायामीच्या प्रेक्षकांवरून ‘गोदो’चा निकाल लावला असता, तर तो चुकला असता, सॅन क्वेंटिनच्या कैद्यांनी तो दुरुस्त केला. मराठी प्रायोगिक नाटकाबद्दलचे बरेच निकाल आजही ठरावीक सभागृहांतल्या ठरावीक खुर्च्यांवरून लागतात. बदलापूरच्या पुढचे मत त्यात अजून मोजले जायचे आहे.